बार नसलेल्या बडोद्यात तुम्ही पहिला बँड कुठे ऐकलात?

माझी भाची या जूनमध्ये पुण्याहून एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकायला येतेय. गिटार छान वाजवते. परवा फोनवर राहण्या-जेवणाच्या आधी तिनं विचारलं, "मावशी, तिथे संध्याकाळी बँड ऐकायला कुठे जातात?" तिच्या डोळ्यांसमोर पुण्यातले बार, कोपऱ्यातलं छोटंसं स्टेज आणि शुक्रवारची रात्र. आपल्याकडे तर १९६० साली गुजरात वेगळं झालं तेव्हापासून दारूबंदी. मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा तसाच पुढे चालू राहिला. त्यामुळे ती म्हणते तशी जागा मी तिला दाखवू शकत नाही. पण एवढी पोरं शिकायला येतात त्या गावात वाजवणारे नाहीत असं कसं होईल? आहेत आणि भरपूर आहेत. फक्त ते सापडतात कसे, हे मला एका वाक्यात सांगता येईना.

म्हणून बडोद्यात शिकलेल्या, राहिलेल्या सगळ्यांना विचारते. कुठे ऐकलंत, कोणामुळे कळलं, काय ऐकलंत, हे लिहा. नुसती जागांची नावं नकोत.

माझ्यापासून सुरुवात करते. मी दांडिया बाजारातली. शाळेत असताना शिवणाचा क्लास सुटला की सूरसागरच्या कडेकडेनं घरी यायचे. म्युझिक कॉलेजच्या खिडक्या उघड्या असायच्या. एका खिडकीतून सतार, दुसरीतून कथकचे बोल, तिसरीत कुणीतरी एकच तान दहा वेळा घेतंय. दहाव्यांदा ती नीट बसली की रस्त्यावर उभी असलेली मीसुद्धा सुटल्यासारखा श्वास टाकायचे. एकदा चौकीदारकाकांनी विचारलं, "बेन, कोनुं काम छे?" म्हटलं, कोणाचंच नाही, ऐकतेय. ते आत गेले आणि स्टूल घेऊन आले. सयाजीरावांच्या काळात, १८८६ साली, मौलाबक्षांनी सुरू केलेली गायनशाळा ती हीच, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. तोवर माझ्यासाठी ती फक्त स्टूल देणारी जागा होती.

*

कलाभवन (एम. एस. युनिव्हर्सिटीचं इंजिनिअरिंग कॉलेज), मेकॅनिकल, २००९ ते २०१३. मूळचा जळगावचा.

पहिल्या वर्षी आम्हा पाच जणांची पक्की समजूत होती की बँड म्हणजे बार. दुसऱ्या सेमिस्टरनंतर पैसे जमवून दमणला गेलो, वापीपर्यंत गाडी आणि पुढे रिक्षा. एका बारमध्ये एक कीबोर्डवाला आणि एक गायक होता. गायक खरंच चांगला होता. त्याच्या डोक्यावर टीव्ही, टीव्हीवर मॅच. अंतरा चालू असताना विकेट पडली आणि अख्खा बार ओरडला. तो थांबला, ओरडा संपू दिला आणि जिथे सोडलं होतं त्याच शब्दापासून पुन्हा उचललं. त्याच्याकडे कोणीच बघत नव्हतं. मला ते इतकं लागलं की परतताना गाडीत मी कोणाशी बोललो नाही.

त्यानंतर महिनाभरात फत्तेगंजच्या सिग्नलला शेजारी रिक्षा थांबली. आत एक मुलगा मांडीवर कॅहॉन घेऊन बसलेला. (कॅहॉन म्हणजे लाकडी खोकं, त्यावर बसून समोरची फळी हातानं वाजवायची.) मी विचारलं, "दादा, कुठे वाजवता?" तो म्हणाला, "वरती, आठ वाजता ये." वरती म्हणजे एका झेरॉक्सच्या दुकानावरचा कॅफे. खुर्च्या भिंतीला लावलेल्या, तीस-पस्तीस मुलं जमिनीवर मांडी घालून. गिटार, कॅहॉन आणि गाणारी एक मुलगी. तिनं स्वतः लिहिलेलं गुजराती गाणं म्हटलं. मधे कुणाचा तरी फोन वाजला तर तो पोरगा फोन छातीशी दाबून जिन्याकडे धावला. इतकं निवांत ऐकणं मी त्याआधी फक्त आजीच्या गावच्या कीर्तनात पाहिलं होतं.

भाचीला सांगा, ज्याच्या पाठीवर वाद्याची बॅग दिसेल त्याला विचारायचं. वाजवणाऱ्याला वाजवणारे माहीत असतात.

*

कॅफे चालवला, साडेतीन वर्षं. आता बंद आहे.

वरचा अनुभव वाचून डोळे भरून आले. तो कॅफे माझा नव्हे, पण माझाही तसाच होता.

पैशाची बाजू कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. दारू विकणाऱ्या शहरात बँडचं मानधन ग्लासातून निघतं. गाणं रंगलं की लोक दुसरा, तिसरा मागवतात. इथे एक कोल्ड कॉफी ९० रुपयांची आणि तिच्यावर तीन तास. माझ्याकडे ४० खुर्च्या. त्या भरल्या तरी रात्रीचा गल्ला चार हजारांच्या पुढे जात नसे. त्यातून भाडं, दूध, वीज आणि दोन पोरांचा पगार. बँडला मी दीड हजार आणि जेवण द्यायचो आणि देताना मला वाईट वाटायचं. नंतर तिकीट लावलं, १०० रुपये, त्यात कॉफी धरून. पहिल्या रात्री अकराच लोक आले. पण तिसऱ्या महिन्यापासून शनिवारचं तिकीट बुधवारी संपायला लागलं. फुकट असताना जे बोलत बसायचे तेच तिकीट काढल्यावर ऐकायला लागले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

ज्यांना बडोद्यात अशी जागा काढायची असेल त्यांनी पहिल्या दिवसापासून तिकीट लावा. आणि पैसे बँडच्या हातात त्याच रात्री द्या.

*

गाते. २०१६ पासून.

"त्याच रात्री द्या" याबद्दल मनापासून आभार. आमच्या बँडला एका ठिकाणी चार शोचे पैसे मिळालेच नाहीत. दर वेळी पुढच्या शनिवारी, पुढच्या शनिवारी. आमचा बासवाला ट्यूशन घेऊन कॉलेजची फी भरायचा, त्यानं बास विकला. तो बास विकला गेला त्या दिवशी आमचा बँड संपला. नव्या मुलांनी पहिल्याच शोच्या आधी रक्कम आणि तारीख व्हॉट्सअॅपवर लेखी घ्यावी. मित्राची जागा असली तरी.

पण एक गोष्ट भाचीला आवर्जून सांगा. मी पुण्यात आणि मुंबईतही गायलेय. शो संपल्यावर रात्री अकराला अॅक्टिव्हाच्या पुढ्यात माइकची बॅग ठेवून एकटी घरी जायचं, हे मी बडोद्यातच बिनघोर करते. समोर बसलेलं कोणी प्यायलेलं नसतं. गाणाऱ्या मुलीसाठी ती केवढी मोठी मोकळीक आहे, हे गायल्याशिवाय कळत नाही.

*

ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम पॅड) वाजवतो. नवरात्रीची ही एकविसावी.

सगळे कॅफे-कॅफे करताय, पण बडोद्याचा खरा लाइव्ह बँड गरब्याचा. बाकी पुष्कळ ठिकाणी रेकॉर्ड लावून किंवा फिल्मी गाण्यांवर नाचतात. इथे मधोमध मंच, मंचावर गायक-वादक आणि भोवती फिरणारी वर्तुळं. युनायटेड वे या संस्थेच्या गरब्याच्या मैदानावर अतुल पुरोहितांच्या गाण्यावर हजारो लोक एका लयीत फिरतात, ते एकदा तरी बघावं. मी तिथला नाही. मी पोळातल्या (पोळ म्हणजे जुन्या शहरातली गल्लीतली वस्ती) आणि सोसायटीच्या गरब्यांचा माणूस.

मी रॉक वाजवायला निघालो होतो. १७ वर्षांचा असताना ड्रम किट घ्यायला पैसे हवे होते. काकांच्या ओळखीनं एका गरबा मंडळीत ऑक्टोपॅड वाजवायला बसलो. पहिल्या रात्री मला वाटलं, चार मात्रा येतात तर सगळं येतं. गायकानं हींच धरली. हींच म्हणजे सहा मात्रा, दादरा तालाच्या जवळची, पण वजन वेगळ्या जागी. मी दोन आवर्तनांत बाहेर फेकला गेलो. ढोलवाले काका, वय साठच्या पुढे, त्यांनी वाजवता वाजवता डावा गुडघा माझ्या गुडघ्याला लावला. तो गुडघा ज्या क्षणी दाबला जायचा ती सम. पूर्ण रात्र मी काकांच्या गुडघ्यावर वाजवलं. कानांनी नाही, हाडांनी शिकलो म्हणा.

मंचावरून जे दिसतं ते खालून दिसत नाही. गायकाचा उजवा हात माइकवर असतो आणि डावा मांडीजवळ. मांडीवर एक बोट टेकलं की याच लयीत पुढचा गरबा, तळहात उपडा केला की लय चढवायची. लय एकदम चढवत नाहीत. समोरच्या वर्तुळात वयस्कर बायका कुठे आहेत ते गायक बघतो. त्या बाहेरच्या कडेला सरकल्या की मग चढवतो. हे मला कोणी सांगितलं नाही, सहा-सात वर्षं बघून समजलं. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोनं गरब्याला वारसा यादीत घेतलं, तेव्हा ढोलवाले काका हयात नव्हते. मला त्या दिवशी त्यांचीच आठवण आली.

आणि व्यवहाराचं: बडोद्यातल्या निम्म्या तरी रॉक बँडचे अॅम्प आणि ड्रम या नऊ रात्रींच्या पैशांवर उभे आहेत, असं मी माझ्या ओळखीतल्या पोरांवरून सांगतो. लाउडस्पीकर एरवी रात्री दहाला बंद, वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं, त्यात नवरात्र. बाराच्या ठोक्याला माइक बंद होतो. त्यानंतर आमच्या पोळात लोक निघत नाहीत. नुसती टाळी आणि तोंडानं गाणं, पाच-दहा मिनिटं. पैसे त्याचे नसतात, पण मी वर्षभर थांबतो ते त्या दहा मिनिटांसाठी.

*

वय ७९, रावपुरा.

आमचे तीर्थरूप सांगत, कमाटीबागेतल्या बँडस्टँडवर संस्थानचा बँड वाजायचा आणि लोक सहकुटुंब ऐकायला जात. भेळ नव्हती, फुगे नव्हते, बँड होता. ते बँडस्टँड अजून उभं आहे. मावशीनं भाचीला दाखवावं. १९१६ साली भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली ती याच गावात. फैयाज खाँसाहेब इथलेच दरबारगवई, १९५० साली इथेच गेले. आणि मौलाबक्षांचे नातू इनायत खान, जन्म बडोद्याचा, १९१० साली भाऊ आणि चुलतभावाला घेऊन बोटीनं अमेरिकेला गेले आणि तिथल्या लोकांना आपलं संगीत ऐकवलं. आजची मुलं ज्याला टूर म्हणतात ती हीच की.

कार्तिकी पौर्णिमेला नरसिंहजींचा वरघोडा, म्हणजे देवाची मिरवणूक, निघतो, त्यातले बँड ऐकावेत. मी ७० वर्षं ऐकतोय.

*

फाइन आर्ट्स, शिल्पकला, १९९७ ते २००२. कोल्हापूरची.

आजोबा, तुमचं लिहिणं वाचून फार बरं वाटलं.

माझी जागा म्हणजे आमच्याच फॅकल्टीचा गरबा. १९५० साली सुरू झालेली फॅकल्टी. मोठमोठ्या चित्रकारांची नावं तिच्याशी जोडलेली, पण आम्हाला पहिल्या वर्षी त्यांचं काही नव्हतं. आम्हाला होतं ते आवारातलं कडुनिंबाचं झाड आणि त्याखाली बसलेली गाणारी मंडळी. गाणारे आमचेच सीनियर, आमचेच सर. मला गुजराती येत नव्हतं. माझ्या शेजारच्या मुलीनं, ती सावली गावची, शब्द माझ्या तळहातावर पेननं लिहून दिले, देवनागरीत. घामानं ते दुसऱ्या फेरीत पुसले, पण तोवर पाठ झाले होते. दिवसभर छिन्नी चालवून हातांना फोड आलेले. टाळी वाजवली की झणझणायचं. तरी वाजवायचो.

मी आता कोल्हापुरात शिकवते. अंबाबाईच्या नवरात्रात देवळात उभी असते, सगळं घरचं, सगळं ओळखीचं, आणि रात्री नऊ वाजले की हात आपोआप बे ताळी (दोन टाळ्यांचा गरबा) धरतात.

*

पुन्हा मी, दांडिया बाजार.

सगळं भाचीला वाचून दाखवलं. फोनवर बराच वेळ काही बोललीच नाही, मला वाटलं लाइन तुटली. मग म्हणाली, "मावशी, ते ऑक्टोपॅडवाले दादा शिकवतात का विचार ना. मला सहा मात्रांचं काहीच येत नाही."

दादा, शिकवाल?

*

ऑक्टोपॅड.

ये म्हणावं. जुलैपासून रविवारी सकाळी १० ला मंडळी बसते. पहिल्या चार रविवारी गिटार घरी ठेवायची. आधी टाळी, बे आणि त्रण (दोन आणि तीन). ढोलाशेजारची जागा तिच्यासाठी रिकामी ठेवतो.