वारा सुटला की आंधळी घोडी बिथरते, तुम्ही काय करता?

मुरबाडकर:
नमस्कार मंडळी. मुरबाडच्या पुढे एका छोट्या प्राणी-शेल्टरवर मी पागेचं बघतो. गाई-कुत्र्यांना वेगळी माणसं आहेत. माझ्याकडच्या घोड्यांत दोन ठार आंधळे. एक म्हातारा, मुंबईत व्हिक्टोरियाला जुंपायचे त्याला, २०१५ साली हायकोर्टाने त्या गाड्या बंद करायला सांगितल्यावर या दारातून त्या दारात फिरत शेवटी आमच्याकडे आला. त्याचं टेन्शन नाही, तोबरा वाजला की स्वतःच येऊन उभा राहतो. दुसरी वरातीतली पांढरी घोडी. ती एरवी कुंपणाच्या कडेकडेने मजेत फिरते, पाण्याच्या हौदाशी बरोब्बर थांबते, पण वारा सुटला की संपलं, कान नुसते गरागरा फिरवत एका जागी उभी, मानेला घाम, आणि हात लावला तर लाथच. पत्र्यावर पाऊस पडायला लागला तरी तेच. अशा वेळी आत बांधू की बाहेर मोकळी ठेवू? आणि सोबत कोणाची देऊ, म्हातारा तिला चावतो.

पागावाली:
बांधू तर अजिबात नका. डोळे गेल्यावर तिचं सगळं कानावर चाललंय, वाऱ्यात कानही गेले म्हणजे तिला काहीच कळत नाही, त्यात दावं लावलं तर ओढून मान तरी मोडेल नाहीतर दावण तरी. ओळखीच्या आवारात मोकळी सोडा, दार उघडं ठेवा, आत-बाहेर तिचं ती ठरवेल. पत्र्यावर पेंढा नाहीतर झावळ्या घालून वर जाळी ताणा, आवाज बराच दबतो.

आणि जवळ जायच्या आधी लांबूनच बोलत जा, रोज तेच शब्द. मी "आले गं आले" म्हणत जाते, लोक हसतात, हसूदेत. वाऱ्यात जरा मोठ्याने बोला आणि हात आधी खांद्यावर ठेवा, एकदम तोंडाला किंवा मागे पुठ्ठ्याला नाही.

बाकी हौदाभोवती दोन पावलं रुंद खडी टाकलीत का? खुराखाली जमीन बदलली की जनावर आपोआप हळू होतं. झाडांभोवतीही तेच. काटेरी तार असेल तर आजच काढा. आणि शेणाची हातगाडी रोज एकाच जागी लावायची, आमच्याकडे नवा पोरगा आला की माझी निम्मी भांडणं त्या हातगाडीवरून होतात.

रोखठोक७२:
राग मानू नका, पण डोळस जनावरांना चारा मिळत नाही आणि तुम्ही आंधळी सांभाळताय. नुसता कडबा केवढ्याला झालाय.

पागावाली:
@रोखठोक७२ आंधळी जास्त खात नाही हो.

गुरांचा डॉक्टर:
मुरबाडकर, आंधळी कशाने झाली ते कळलंय का? कारण आंधळा डोळा दुखू शकतो आणि दुखणारं जनावर बिथरतंच. घोड्यात डोळे जाण्याचं मोठं कारण म्हणजे डोळ्याच्या आतली परत परत उठणारी सूज, पूर्वी लोक ती चंद्राच्या कलेवर येते म्हणायचे. लेप्टोशी (उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) तिचा संबंध आहे, म्हणजे उंदीर आणि साचलेलं पाणी, दोन्ही आपल्याकडे पावसाळ्यात भरपूर. आपल्या भागात अजून एक, डोळ्यात पांढरा दोऱ्यासारखा किडा वळवळताना दिसतो, तो मूळचा गुरांचा, डासांमार्फत घोड्यात येतो. वेळेत ऑपरेशन करून काढला तर नजर वाचू शकते. तुमच्याकडे गाई शेजारीच आहेत, तेव्हा बाकीच्या घोड्यांच्या डोळ्यात अधूनमधून बॅटरी मारून बघत चला.

घोडी डोळा मिटून घेत असेल, पाणी गळत असेल, बुबुळ निळसर किंवा मोठं दिसत असेल तर डॉक्टरला बोलवा. मेडिकलमधून आणून स्टिरॉइडचे थेंब घालू नका, बुबुळावर जखम असेल तर डोळा फुटू शकतो, आधी रंग टाकून तपासावं लागतं. अॅट्रोपिन हे बाहुली मोठी करणारं औषध चालू केलं तर लीद नीट पडतेय ना बघा, त्याने आतडी मंदावतात आणि पोटशूळ उठू शकतो.

तापीकाठचा:
आमच्याकडे दोन पिढ्या घोडी, दरवर्षी सारंगखेड्याच्या घोडेबाजारात असतो. डॉक्टरसाहेब बोलले ते बरोबरच. माझं एवढंच की वरातीवाले घोडीच्या तोंडावरचे लांब केस कापून तोंड गुळगुळीत करतात, ते आता वाढू द्या, कोणाला कापू देऊ नका, आंधळं जनावर गव्हाण, भिंत, सगळं त्या केसांनी चाचपतं. खरारा करणारा माणूसही शक्यतो एकच ठेवा.

सोबतीला शांत म्हातारी घोडी नाहीतर शेळी द्या. घुंगरू सोबतीणीच्या गळ्यात, आंधळीच्या नाही. लोक उलटं करतात, मग तिच्याच गळ्यातल्या आवाजाने तिला दुसरं काही ऐकू येत नाही. आणि चावणाऱ्याला वेगळं काढा, तिला तो येताना दिसत नाही त्यामुळे पळायची संधीच मिळत नाही.

मुरबाडकर:
सगळ्यांचे आभार. खडी सांगून ठेवली. पत्र्यावर झावळ्या टाकल्यात, काल सरीत ती आतबाहेर करत होती पण घाम नव्हता. उजव्या डोळ्यातून पाणी येतं अधूनमधून, मी माशांमुळे समजत होतो, डॉक्टरांना शनिवारी बोलावलंय. म्हाताऱ्याला पलीकडच्या वाड्यात हलवायचंय, तिथला रस्ता त्याला म्होरकी धरून आधी फिरवून दाखवीन. शेळी आहे आमच्याकडे, घंटेसकट, फक्त ती गव्हाणीतच चढून बसते. त्याला काही उपाय?

तापीकाठचा:
गव्हाण छातीइतकी उंच करा. तरी चढेल म्हणा.