मदत हवी आहे: एकाच आयसोसेंटरवर (मशीनच्या किरणांच्या केंद्रबिंदूवर) मेंदूतल्या पाच गाठी, एक त्यापासून ७ सेंमी दूर

फुप्फुसाच्या कर्करोगातून मेंदूत गेलेल्या पाच गाठी, सगळ्या २ सेंमीच्या आत. प्रत्येकीला एकाच फ्रॅक्शनमध्ये (बैठकीत) २० ग्रे डोस, लिनॅकवर (रेडिएशनच्या मशीनवर) एकच आयसोसेंटर धरून व्हीमॅट प्लॅन (मशीन रुग्णाभोवती फिरत असताना किरण देणारा). चार गाठी आयसोसेंटरपासून ४ सेंमीच्या आत आहेत, अडचण पाचवीची. ती जेमतेम ६ मिमीची आणि आयसोसेंटरपासून ७ सेंमी दूर. डोकं स्थिर धरणाऱ्या मास्कमध्ये ते १ अंश फिरलं तरी ती १.२ मिमी सरकते. काउच (उपचाराचं टेबल) सहा दिशांचा नाही, त्यामुळे सीबीसीटीत (टेबलावरच घेतलेल्या सीटी स्कॅनमध्ये) दिसलेला पिच-रोल (डोक्याचा पुढे-मागे किंवा बाजूला झुकाव) दुरुस्त होत नाही. ०.५ अंशापेक्षा जास्त आला की मास्क काढून पुन्हा पोझिशनिंग.

सगळ्यांचा पीटीव्ही मार्जिन (चुकीची शक्यता धरून गाठीभोवती वाढवलेली कड) १ वरून २ मिमी करून पाहिला. पाचवीचा पीटीव्ही जवळजवळ दुप्पट झाला (व्यास ८ ऐवजी १० मिमी) आणि मेंदूचा व्ही१२ (१२ ग्रे किंवा जास्त डोस मिळणारा भाग) ८ वरून ११ सीसीवर गेला. १० सीसीच्या वर रेडिओनेक्रोसिसची (किरणांमुळे मेंदूचा भाग मरण्याची) धास्ती, म्हणून तो प्लॅन बाद. आयसोसेंटर सरकवला तर दुसऱ्या टोकाची गाठ लांब जाते, म्हणजे दुखणं नुसतं जागा बदलतं.

एमआरआय १ मिमी स्लाइसचा, चार दिवसांपूर्वीचा. आयसोसेंटरबाहेरची विन्स्टन-लुट्झ (किरणांच्या नेमाची चाचणी) ७ सेंमीपर्यंत १ मिमीत बसते. कॉलिमेटर फिरवून पाचवी गाठ किरणांना आकार देणाऱ्या २.५ मिमीच्या पानांखाली आणली आहे. पूर्ण मेंदूला रेडिएशन द्यायचं नाही, आणि रुग्ण टेबलावर ४० मिनिटांहून जास्त पडून राहू शकत नाही.

अशा वेळी पाचवीला वेगळं आयसोसेंटर देता, की तिच्यापुरताच मार्जिन २ मिमी ठेवता? वेगळं देत असाल तर दोन्ही आयसोसेंटरच्या उपचारांमध्ये सीबीसीटी पुन्हा घेता का?