‘बेसलाइन’, ‘शांतता’, ‘उपजीविका’: गडचिरोलीतील पाहणीसाठी मराठी शब्द कोणते?

प्रश्न

नमस्कार. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा आणि एटापल्ली या तालुक्यांतल्या काही गावांमध्ये शांतता आणि उपजीविका या दोन्ही अंगांनी काम करणारा एक प्रकल्प सुरू व्हायचा आहे. काम सुरू होण्यापूर्वी जी ‘बेसलाइन’ पाहणी करावी लागते तिची मराठी प्रश्नावली तयार करण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे आणि मी पहिल्याच ओळीत अडखळले आहे. ‘आधाररेखा’, ‘आधारभूत सर्वेक्षण’, ‘पायाभूत सर्वेक्षण’ आणि ‘पूर्वपाहणी’ असे चार शब्द माझ्यासमोर आहेत. यांपैकी कोणता शब्द गावातल्या माणसापर्यंत नेमका अर्थ पोहोचवील? मसुद्यात ‘संघर्षग्रस्त’, ‘शांतता-निर्माण’ आणि ‘उपजीविका’ हेही शब्द आहेत. अहवालात ते चालतील, परंतु कोणाच्या अंगणात बसून ते उच्चारावेत का, याबद्दल मला शंका वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

मी या जिल्ह्यात बरीच वर्षे पाहण्यांचे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

‘आधाररेखा’ हा शब्द आपल्याकडे हिंदीतून आला. त्यात ‘आधार’ हा शब्द ऐकला की माणूस घरात जाऊन आधार कार्ड घेऊन येतो. हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. ‘आधारभूत’ची अडचण त्याहून मोठी आहे. हा जिल्हा धानाचा आहे, आणि येथे ‘आधारभूत’ म्हटले की आदिवासी विकास महामंडळाचे आधारभूत धान खरेदी केंद्र डोळ्यांसमोर येते. त्यामुळे ‘आधारभूत सर्वेक्षणासाठी आलो आहोत’ असे सांगितल्यावर, यंदा धानाला काय भाव मिळणार आणि मागचे चुकारे कधी निघणार, असे प्रश्न सुरू होतात. लोकांचे काही चुकत नाही, कारण तो शब्द त्यांनी आधीच दुसऱ्या कामाला लावलेला आहे. ‘पायाभूत’ म्हटले की रस्ते, पूल आणि वीज, म्हणजे ‘पायाभूत सुविधा’. ज्या गावाचा पावसाळ्यात तालुक्याशी संपर्क तुटतो त्या गावात ‘पायाभूत सर्वेक्षण’ असे म्हणणे म्हणजे पुलाचे आश्वासन दिल्यासारखेच होते.

‘सर्वेक्षण’ आणि त्याचे बोलीतले रूप ‘सर्वे’ यांच्यावरही जुन्या अनुभवांचे ओझे आहे. सर्वे म्हणजे जमिनीची मोजणी, सर्वे म्हणजे दारिद्र्यरेषेची यादी, सर्वे म्हणजे घरकुलाची यादी. यादीत नाव यावे म्हणून माणूस उत्पन्न कमी सांगतो, आणि जमीन जाईल या भीतीने शेताचे क्षेत्र सांगायचे टाळतो. ‘पाहणी’ हा शब्द मला अधिक स्वच्छ वाटतो. राष्ट्रीय नमुना पाहणी, महाराष्ट्राची आर्थिक पाहणी असा त्याला शासकीय वापराचाही आधार आहे, आणि ‘शेत पाहून आलो’ म्हणणाऱ्याला तो परका वाटत नाही.

आता ‘बेसलाइन’च्या मूळ अर्थाकडे येतो. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २००२ मध्ये मूल्यमापनाच्या संज्ञांचा जो कोश प्रसिद्ध केला त्यात या अभ्यासाचा आशय असा दिला आहे, की विकासकार्य सुरू होण्यापूर्वीच्या स्थितीचे वर्णन करणारे आणि पुढची प्रगती ज्याच्याशी ताडून पाहता येईल असे विश्लेषण. म्हणजे अर्थाचे दोन भाग झाले, ‘आधीची स्थिती’ आणि ‘नंतर ताडून पाहणे’. वरच्या चार शब्दांपैकी एकातही दुसरा भाग उतरलेला नाही. ‘पूर्वपाहणी’त पहिला भाग आहे, पण मुख्य पाहणीच्या आधी प्रश्नावली तपासण्यासाठी जी छोटी पाहणी करतात तीच ही, असा तिथे समज होतो.

मी गावात असे सांगतो: ‘अंगणवाडीत लेकराचे पहिले वजन घेतात आणि तक्त्यावर ठिपका देतात ना, तसा गावाचा पहिला ठिपका आम्ही लिहून घेत आहोत, दोन वर्षांनी पुन्हा येऊ आणि दुसरा ठिपका देऊ.’ हे सांगितल्यावर शब्द शोधण्याची गरजच उरत नाही. एका गावात तर अंगणवाडीच्या सेविकेने तक्ता आणून सर्वांसमोर उलगडला आणि उरलेले स्पष्टीकरण तिनेच दिले. लेखी मराठीत एकच शब्द हवा असेल तर ‘आरंभस्थिती-पाहणी’ वापरावा. बोलताना ‘आधीची नोंद’ पुरते.

दुसरे उत्तर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ‘पायाभूत’ या शब्दाची बाजू थोडी मांडावीशी वाटते. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला तेव्हा वर्षाच्या आरंभी मुलाला काय येते हे पाहण्यासाठी ‘पायाभूत चाचणी’ घेतली जाऊ लागली आणि त्यानंतर संकलित मूल्यमापन होऊ लागले. हा शब्द ‘बेसलाइन’च्याच अर्थाने शाळांत रुळला आणि पालकांपर्यंतही पोहोचला. तेव्हा ‘पायाभूत’ म्हणजे केवळ रस्ते आणि पूल, असे म्हणता येणार नाही. मात्र चाचणी म्हटली की उत्तीर्ण-अनुत्तीर्ण आलेच, आणि गावाची परीक्षा घ्यायला कोणी आले आहे असे लोकांना वाटणे बरे नाही, हेही मान्य करते. अंगणवाडीच्या ठिपक्याचा दाखला मला आवडला.

पहिल्या उत्तराला जोडून

‘शांतता’बद्दल लिहायचे राहिले होते, आणि खरे तर तेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

मराठीत ‘शांतता’ आणि ‘शांती’ हे दोन वेगळे शब्द आहेत. शांती मनाला लाभते किंवा वास्तूची करतात. शांतता म्हणजे आवाज नसणे, आणि गडबड नसणेही. ‘शांतता राखा’ ही पाटी, रुग्णालयाभोवतालचे ‘शांतता क्षेत्र’, गणेशोत्सवापूर्वी पोलीस ठाण्यात होणारी ‘शांतता समिती’ची बैठक, हे सारे पहिल्यापासून गप्प राहण्याशी आणि बंदोबस्ताशी जोडलेले वापर आहेत. एटापल्ली तालुक्यातील एका गावात मी स्वतः ‘गावात शांतता आहे का?’ असा प्रश्न विचारला होता. समोरच्या म्हाताऱ्या बाईने लगेच उत्तर दिले, ‘शांतता आहे ना. अंधार पडला की कोणीच बाहेर निघत नाही.’ मी ‘होय’च्या चौकटीत खूण केली. मुक्कामी परतल्यावर कागद चाळताना त्या उत्तराचा दुसरा भाग आठवला आणि तेव्हा लक्षात आले, की माझ्या नोंदीत भीतीला शांतता म्हणून जमा केले गेले आहे. तशा किती नोंदी झाल्या असतील याचा हिशोब मला आजही लावता येत नाही, आणि ती चूक माझीच होती.

नॉर्वेचे शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६० च्या दशकात नकारात्मक आणि सकारात्मक शांतता असा भेद केला. हिंसा थांबलेली असणे ही पहिली, आणि न्याय व सहकार्य असणे ही दुसरी. मराठीतला ‘शांतता’ हा एकटा शब्द या दोन्हींना, आणि वर भीतीच्या गप्पपणालाही, सामावून घेतो. म्हणून प्रश्नावलीत हे नाम अजिबात वापरू नये आणि रोजच्या कृतींबद्दल विचारावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बाजाराच्या दिवशी परतायला उशीर झाला तर आपण काय करता? शेजारच्या गावच्या पंडुमाला, म्हणजे सणाला, रात्रभर थांबता का? बाळंतीण रात्री अडली तर तेव्हाच निघता, की उजाडायची वाट पाहता? यांपैकी प्रत्येक उत्तर दोन वर्षांनी पुन्हा विचारता येते आणि ताडून पाहता येते.

आणखी एक शब्द टाळावा, तो म्हणजे ‘माहिती’. आपल्याला तो अगदी निरुपद्रवी वाटतो. पण ज्या भागात पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या संशयावरून माओवाद्यांनी माणसे मारली आहेत तेथे ‘माहिती देणे’ या क्रियापदाचा अर्थ वेगळा होतो. ‘आम्ही माहिती घ्यायला आलो आहोत’ या वाक्याने पुढच्या बाईचे ओठ मिटतात. त्याऐवजी ‘विचारपूस करायला आलो आहोत’ असे म्हणावे. विचारपूस आजाऱ्याची करतात, पाहुण्याची करतात. तिच्यात आपुलकी आहे. अर्थात, शब्द बदलला म्हणून धोका टळत नाही. प्रश्नकर्ते कोण आहेत, कागद कोठे जाणार आहेत आणि त्यांवर कोणाचेही नाव का लिहिले जाणार नाही, हे ग्रामसभेत आधी सांगावेच लागते.

तिसरे उत्तर

‘संघर्षग्रस्त’ या शब्दावर माझा आक्षेप आहे. ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे. पंचांगातल्या ‘ग्रस्तोदित’ चंद्राप्रमाणे जो गिळला गेला तो ग्रस्त. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, धरणग्रस्त हे शब्द त्या चालीचे आहेत आणि ते योग्य आहेत, कारण पूर कोणी अभिमानाने आणत नाही. परंतु मराठीत ‘संघर्ष’ हा अभिमानाने उच्चारण्याचा शब्द आहे. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ ही घोषणा घराघरांत आहे, आणि प्रत्येक तालुक्यात एखादी तरी संघर्ष समिती आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे म्हणत वर्षानुवर्षे जे केले आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, त्यालाही संघर्षच म्हणतात. अशा गावाला ‘संघर्षग्रस्त’ म्हटले तर हक्कासाठी लढणे आणि दोन बंदुकांच्या मध्ये सापडणे या दोन गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या जातात. ‘हिंसेची झळ पोहोचलेली गावे’ असे लांब पण खरे लिहावे. वृत्तपत्रांतला ‘नक्षलग्रस्त’ हा शब्द तर सगळ्या गावाला एकच ओळख चिकटवतो.

‘तंटा’ मात्र वेगळा ठेवावा. १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राज्यभर चालली, त्यामुळे तंटा म्हणजे बांधाचा, पाण्याचा, भाऊबंदकीचा वाद, हा अर्थ लोकांच्या मनात पक्का आहे. बांधावरच्या भांडणांबद्दल विचारताना ‘तंटा’ म्हटले तर कोणाचाही गोंधळ होत नाही. ‘कम्युनिटी’साठी ‘समाज’ हा शब्द तेवढा वापरू नका. ‘तुमच्या समाजात’ असे म्हटले की जातीबद्दल विचारले असा अर्थ होतो. ‘गाव’ म्हणा, आणि अनेक गावांच्या पारंपरिक समूहासाठी तेथे ‘इलाका’ हा शब्द प्रचलित आहे, तो घ्या.

चौथे उत्तर

‘उपजीविका’ हा शुद्ध आणि चांगला शब्द आहे, परंतु ‘उप-जीव्’ म्हणजे कशाच्या तरी आधाराने जगणे. ‘परोपजीवी’ हा त्याचाच भाऊबंद. ‘चरितार्थ’चा प्रवास मला अधिक मनोवेधक वाटतो. संस्कृतात तो ‘ज्याचा हेतू साध्य झाला असा’ या अर्थाचे विशेषण आहे, आणि हिंदीत आजही एखादी म्हण ‘चरितार्थ होते’, म्हणजे खरी ठरते. मराठीने मात्र त्याला चुलीजवळ आणून बसवले, आणि ‘चरितार्थ चालवणे’ म्हणजे घर चालवणे झाले. मला हा शब्द प्रिय आहे; पण प्रश्न विचारताना यांतला एकही उपयोगी नाही.

‘आपण काय काम करता?’ हा प्रश्न तर त्याहून वाईट, कारण काम म्हणजे मजुरीचे काम. एका बाईने मला ‘काही काम नाही’ असे सांगितले तेव्हा तिच्या मागे अंगणभर मोहफुले वाळत पडली होती, आणि बोलता बोलता ती हाताने ती फुले सारखी करत होती. तिच्या दृष्टीने ते जगणे होते, काम नव्हे. म्हणून ‘वर्षभरात घरात काय काय येते आणि केव्हा येते?’ असे महिन्यामहिन्याने विचारावे. उन्हाळ्याच्या तोंडी मोहफूल, मग तेंदूपत्ता, पावसाळ्यानंतर धान, आणि मिरची तोडायला तेलंगणात जाणे. तेंदूची नोंद ७० पानांचा पुडा आणि १००० पुड्यांची प्रमाण गोणी या मापांनीच करावी. धान पायलीत किंवा खंडीत सांगितले तर तसेच लिहावे आणि किलोत नंतर आपण बदलावे. दोन्ही पाहण्या एकाच हंगामात व्हायला हव्यात. तेंदूपत्त्याचा हंगाम संपल्यानंतर हातात रोकड असते. पहिली नोंद तेव्हाची आणि दुसरी ऐन पावसाळ्यातली असेल, तर प्रकल्पाने गाव गरीब केले असा निष्कर्ष निघेल.

आता आपल्या मूळ शब्दाबद्दल. ‘आधीची नोंद’ मलाही पटते, पण ‘आधी’ म्हणजे कशाच्या आधी? ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचे वरिष्ठ नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. एटापल्लीत सूरजागडची लोहखाण आहे. त्यामुळे कोणी ‘आधी बरे होते’ म्हणाले तर ते खाणीआधी, भूपतींच्या आत्मसमर्पणाआधी की आपल्या प्रकल्पाआधी, हे कळणार नाही. गावाला आठवतील अशा घटनांची एक यादी लोकांकडूनच करून घ्यावी आणि प्रत्येक ‘आधी’ तिच्याशी बांधावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. अहवालासाठी ‘आरंभस्थिती-पाहणी’, गावात ‘आधीची नोंद’ आणि ‘विचारपूस’, ‘संघर्षग्रस्त’च्या जागी ‘हिंसेची झळ पोहोचलेली गावे’, आणि ‘शांतता’ व ‘उपजीविका’ फक्त मुखपृष्ठावर, असे ठरवले आहे. एटापल्लीतल्या बहुतेक घरांत माडिया ही आदिवासी भाषा बोलतात आणि मराठी ही त्यांची दुसरी भाषा आहे, हे मी मसुदा करताना पुरेसे लक्षात घेतले नव्हते. आता प्रश्नावली माडिया बोलणाऱ्या दोन मुलींना वाचून दाखवून, त्यांनी माडियात सांगितलेले तिसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा मराठीत करून घेणार आहोत. जेथे अर्थ बदलेल तेथे प्रश्न बदलू.

एक शब्द अजून सुटलेला नाही. मसुद्यात ‘शेजारच्या गावातील लोकांवर आपला किती विश्वास आहे?’ असा प्रश्न असून उत्तरासाठी एक ते पाच अशा पायऱ्या दिल्या आहेत. काल सरावासाठी तो विचारला तेव्हा बाई माझ्याकडे नुसती पाहत राहिली. ‘भरवसा’ म्हणून पाहिले, तरी काही फरक पडला नाही. मग तिला विचारले, ‘मिरचीला जाताना लहान पोराला कोणाच्या घरी ठेवून जाल?’ तिने बोटांवर तीन घरे मोजली, त्यांतले एक नदीपलीकडच्या गावातले होते. हा प्रश्न ‘विश्वास’च्या जागी ठेवला तर पाच पायऱ्यांचे काय करावे, हे कोणी सांगू शकेल का?