आईवडिलांसोबत तिहुआनाची एक दिवसाची सहल: सल्ला हवा आहे

प्रश्न:
माझे आईवडील साताऱ्याहून सॅन डिएगोला आमच्याकडे आले असून त्यांना सीमेपलीकडचे मेक्सिकोतील तिहुआना शहर पाहायचे आहे. त्यांचा अमेरिकेचा पर्यटक व्हिसा वैध आहे. माझ्या पासपोर्टवरील एच-१बीच्या (अमेरिकेतील नोकरीच्या व्हिसाच्या) शिक्क्याची मुदत मात्र संपली आहे. आय-७९७ (एच-१बी मंजुरीचे पत्र) आणि आय-९४ (अमेरिकेतील प्रवेशाची व मुक्कामाच्या मुदतीची नोंद) चालू आहेत. आईवडील दोघेही कट्टर शाकाहारी आहेत आणि आईला फार वेळ उभे राहवत नाही. जावे का, आणि गेल्यास काय पाहावे?

प्रतिसाद १:
आईवडिलांची चिंता नको. वैध अमेरिकी व्हिसा असलेल्या भारतीयांना पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. अडचण आपली आहे. ३० दिवसांच्या आत परतल्यास, वैध आय-९४ दाखवून संपलेल्या शिक्क्यावरही अमेरिकेत प्रवेश मिळू शकतो, आणि या सवलतीच्या भरवशावर अनेक जण निघतात. परंतु मेक्सिकोत शिरण्यासाठी शिक्का वैधच लागतो. तेव्हा आधी मेक्सिकोच्या वकिलातीतून व्हिसा घ्यावा. तिकडे असताना अमेरिकेच्या नव्या व्हिसासाठी अर्ज मात्र करू नये, कारण तो केल्यास परतीची ही सवलत उरत नाही.

प्रतिसाद २:
व्हिसा मिळाल्यास अवश्य जावे, मात्र गाडी नेऊ नये. अमेरिकेतील वाहन विमा तिकडे चालत नाही. सॅन डिएगोच्या ट्रॉलीच्या (शहरी रेल्वेच्या) ब्लू लाइनने सीमेवरील सॅन इसिद्रोपर्यंत जाऊन सीमा पायी ओलांडावी आणि पुढे टॅक्सी करावी. आईवडिलांसाठी माझी पहिली पसंती सोना रिओ भागातील सेकुत या सांस्कृतिक केंद्राला आहे. १९८२ साली उघडलेल्या या केंद्राचा प्रचंड गोल घुमट दुरूनही नजरेत भरतो, आणि आतील संग्रहालयात बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाचा इतिहास निवांतपणे पाहता येतो. त्यानंतर रेवोलुसिओन रस्त्यावर फेरी मारावी. सीझर सॅलड १९२४ साली याच शहरात सीझर कार्दिनी यांच्या उपाहारगृहात जन्मले, असे सांगितले जाते. आजही वाढपी गिऱ्हाइकाच्या टेबलाशी येऊन लाकडी वाडग्यात अंडे, लिंबू आणि चीज घोटून ते तयार करतो. ही कृती पाहण्यासारखी असली, तरी त्यात अँकोव्ही मासे असतात, म्हणून आपल्या घरच्यांनी ते खाऊ नये. घेवड्याची उसळही बरेचदा डुकराच्या चरबीत परततात. मागवताना ‘सिन मान्तेका, सिन कार्ने’, म्हणजे चरबी नको, मांस नको, असे स्पष्ट सांगावे. पाणी बाटलीबंदच प्यावे. अंधार पडल्यावर सोना नोर्ते भागात फिरू नये.

प्रतिसाद ३:
वरील सल्ल्याशी सहमत आहे, पण आईंचा विचार करता परतीची रांग हाच कळीचा मुद्दा ठरतो. शनिवार-रविवारी पायी येणाऱ्यांनाही तासन्‌तास तिष्ठावे लागू शकते. मधल्या वारी जावे, घडीचे स्टूल सोबत ठेवावे आणि निघण्यापूर्वी अमेरिकी सीमाशुल्क खात्याच्या ॲपवर प्रतीक्षेची वेळ पाहावी. तिहुआनाच्या विमानतळावरून थेट अमेरिकेत उतरणारा पूल कुणी सुचवेल, परंतु तो केवळ विमान प्रवाशांसाठी आहे. वेळ उरल्यास प्लायासचा किनारा दाखवावा. तेथे सीमेचे कुंपण थेट प्रशांत महासागराच्या पाण्यात शिरलेले दिसते.