तीन महिने सरासरी बिल, आता एकदम ६०० युनिट

प्रश्न: मीटरची खोली कुलूपबंद, म्हणून तीन महिने सरासरीने बिल. आता रीडिंग घेऊन ६०० युनिट लावलेत. भरू की भांडू?

वायरमन_नाशिक: आधी बिलातलं चालू रीडिंग मीटरशी ताडा. डिस्प्ले फिरत राहतो. केडब्ल्यूएच (kWh, म्हणजे युनिट) दिसेल तोच आकडा घ्या, दशांश सोडून.

बिलखाते: युनिट खरे असले तरी स्लॅब (वापर वाढेल तसा दर वाढवणारे टप्पे) तपासा, खरी मेख तिथेच असते. महाराष्ट्रात घरगुती टप्पे महिन्याला १००, ३००, ५०० असे. तीन महिन्यांत विभागले तर ३०० युनिट पहिल्या दराने, ३०० दुसऱ्या. एकाच महिन्याचे धरले तर पहिल्या दराने फक्त १००, आणि शेवटचे १०० सर्वात महाग! सरासरीने भरलेली रक्कमही वजा झालेली हवी. मीटर क्रमांक दिसणारा फोटो जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

वायरमन_नाशिक: मीटरच पळतोय अशी शंका असेल तर बाकी सगळं बंद करून १००० वॉटचा हीटर लावा. मीटरवर ३२०० इम्पल्स (एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो तो आकडा) लिहिलं असेल तर लाल दिवा मिनिटाला साधारण ५३ वेळा लुकलुकतो. ७० भरले तर मीटर टेस्टिंगचा अर्ज करा. इस्त्री नको, ती मधेच बंद होते.