मदत हवी आहे: क्रीम लावलं की खाज थांबते, बंद केलं की परत

भिजकी_छत्री: बेळगावात होस्टेलला आहे. खाली भयंकर खाज सुटलीय, लघवीला चरचरतं, पांढरं जातंय. मेडिकलवाल्यानं दिलेलं क्रीम लावलं की बरं, सोडलं की पहिल्यापेक्षा जास्त. परीक्षा तोंडावर आलीय. गोळीचं नाव सांगा कुणीतरी. 'डॉक्टरकडे जा' नको, ते मलाही कळतं.

वैनी_टिळकवाडी: वय? लग्न झालंय? पाळी वेळेवर येते ना? पांढरं म्हणजे पातळ की घट्ट? वास?

भिजकी_छत्री: १९. नाही. येते. घट्ट, दही फुटल्यासारखं. वास नाही. आता गोळी?

चिकोडीचा_शेतकरी: अंगातली उष्णता ओ ती. सब्जा भिजवून प्यायचा, चहा बंद. आमच्या घरात सगळ्यांना लागू पडलंय.

वैनी_टिळकवाडी: सगळ्यांना म्हणजे तुम्हालाही पांढरं जायचं काय दादा?

निपाणीची_नर्स: कॅन्डिडा वाटतंय, म्हणजे बुरशी. ती थोडी बऱ्याच जणींच्या अंगात असतेच, तिला आवरणारे चांगले जिवाणू कमी झाले की माजते. मासळीसारखा वास आणि राखाडी पाणी असतं तर गोष्ट वेगळी, औषधही वेगळं. ट्यूबवर काय लिहिलंय? दुसरं औषध काही चालू?

भिजकी_छत्री: दुसरं काही नाही. क्लोबेटासोल, निओमायसिन, मायकोनाझोल.

निपाणीची_नर्स: क्लोबेटासोल म्हणजे कडक स्टिरॉइड. खाज दाबतं आणि बुरशीला मोकळं रान देतं. तिथल्या कातडीला तर नकोच. बंद कर.

सीमाभाग_कट्टा: कुठल्या दुकानातनं घेतलं? सगळ्या पाट्या कानडीत केल्यापासनं आपल्या माणसाला कोण नीट सांगतंय?

वैनी_टिळकवाडी: पाटीचं काय घेऊन बसलाय, ट्यूबवर इंग्रजीच असतं.

खानापूर_पाऊस: मुद्द्याचं कुणी बोलत नाही. आमच्याकडं पावसाळ्यात कपडे वाळतच नाहीत, पोरी दमट निकर चढवून वर जीन्स घालतात. सुती वापर, इस्त्री फिरव. मी कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं धुते, टीव्हीवरच्या वॉशपेक्षा बरं.

निपाणीची_नर्स: कपड्यांचं पटलं. धुण्याचं नाही. बाहेरून साधं पाणी पुरतं. आत साबण, वॉश, पाला, दही, लसूण काही नको.

खानापूर_पाऊस: आमच्या आज्या काय मेल्या काय त्यानं?

भिजकी_छत्री: पिंपल्सची गोळी 'दुसरं औषध' मध्ये येते का? डॉक्सीसायक्लिन. कॉलेज सुरू झाल्यापासून घेतेय.

निपाणीची_नर्स: येते की गं! ते अँटिबायोटिक आहे, चांगले जिवाणू त्यानंच जातात. स्किनच्या डॉक्टरांना सांग, थांबवायची का ते विचार. बुरशीवर क्लोट्रिमाझोलची आत ठेवायची गोळी देतात किंवा फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम, एकदाच. गरोदरपणात फ्लुकोनाझोल टाळतात. पण तुझं पहिल्यांदाच आहे, वर स्टिरॉइड लावलंयस, म्हणून दाखवूनच घे. लग्न न झालेल्या मुलीला आतून तपासायलाच पाहिजे असं नाही, बाहेरून बघून स्वॅब घेता येतो. ताप आला, ओटीपोटात दुखलं तर परीक्षेची वाट बघू नको. वर्षात तीन-चारदा झालं तर शुगर तपास.

भिजकी_छत्री: वॉर्डन लगेच आईला फोन लावते. आणि डॉक्टर कानडीत बोलल्या की माझं तोंडच उघडत नाही.

वैनी_टिळकवाडी: सरकारी दवाखान्यात 'स्नेहा क्लिनिक' असतं, १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी. सिव्हिलच्या खिडकीवर विचार. कानडी येणारी मैत्रीण घेऊन जा.

पीसीओडी_मुक्त: पीसीओडी, म्हणजे अंडाशयाचा त्रास, असेल तर गहू सोड. मी सोडला, आठ किलो उतरलं.

भिजकी_छत्री: मला पीसीओडी नाही हो. उद्या दुपारी जाते. माझा टॉवेल वेगळा ठेवू का, रूममेटला लागेल?

निपाणीची_नर्स: हा रोग तसा पसरत नाही. टॉवेल आपापला असावाच, एवढंच.

चिकोडीचा_शेतकरी: ताई, एक विचारू? आमची पोरगी ८ वर्षांची, तिलाही खाली खाज हाय. सब्ज्यानं जाईना. हेच असंल काय?

निपाणीची_नर्स: पाळी सुरू व्हायच्या आधी ही बुरशी सहसा होत नाही. रात्री जास्त खाजवते का? मागच्या बाजूला?

चिकोडीचा_शेतकरी: रात्रीच ओ. झोपत न्हाई.

निपाणीची_नर्स: मग जंत असतील. मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, जंताचं औषध घरातल्या सगळ्यांनाच घ्यायला सांगतील. नखं कापा तिची. आणि मेडिकलमधलं क्रीम आणू नका.