मदत हवी आहे: तेलाची व्हिस्कॉसिटी (वाहायला होणारा विरोध) पास्कल-सेकंदमधून सेंटिस्टोकमध्ये आणताना तापमान कोणतं धरू?

जाणकारांनो, जळगाव एमआयडीसीत सरकीच्या तेलासाठी गिअर पंप घेतोय. लॅबच्या रिपोर्टात व्हिस्कॉसिटी २५ अंशांना ०.०६२ पास्कल-सेकंद दिलीय, पंपवाल्याच्या फॉर्मला सेंटिस्टोक (म्हणजे सेंटिपॉइज भागिले घनता) हवेत. ०.०६२ गुणिले १०००, म्हणजे ६२ सेंटिपॉइज, इथवर नक्की. घनता ०.९२ धरून भागलं की साधारण ६७ सेंटिस्टोक. पंपवाला म्हणतो, "६२च टाका भाऊ, काय फरक पडतो!" पाण्याची घनता १, तिथे चाललं असतं, तेलाला कसं चालेल?

खरी गोची तापमानाची. मे महिन्यात शेडमध्ये पारा ४५ ला टेकतो, तेल पातळ होऊन गिअरमधून मागे सरकतं. जानेवारीच्या पहाटे तेच घट्ट होऊन मोटरला जड जातं. मग मोटर थंडीच्या आकड्यावर आणि डिस्चार्ज (पंप किती तेल बाहेर टाकेल ते) उन्हाळ्याच्या आकड्यावर ठरवायचा ना? दोन्ही तापमानांना लॅबमधून पुन्हा मोजून घेऊ का?